प्रेमाच्या दारातलं विटकरी फूल

पहाटे उठून दुसऱ्याच्या दारातली फुलं तोडणाऱ्या माणसांची मला किळस येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाई तिरकस बोलते. बोलतेच. हातात साडीच्या दुकानाची पिशवी, ओठांवर स्तोत्र आणि नजर लोकांच्या कुंपणावर. स्वतःच्या अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी बसवायची, का, तर मातीनं घर घाण होतं. आणि देवाला फुलं मात्र शेजाऱ्याच्या मातीतली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायची ही रीत आमच्या कॉलनीत इतकी रुळली आहे की आता त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

सांगायचं आहे ते माझ्या धाकट्या जावेबद्दल, प्रेमाबद्दल. बाहेरचे तिला प्रेमाबाई म्हणतात. उमरग्यात, हायवेच्या मागच्या अंगाला, आमची दोन घरं एका भिंतीला लागून आहेत. तिचे मालक हणमंतप्पा, म्हणजे माझे धाकटे दीर, टायरचा धंदा करायचे. सोलापूर-हैदराबाद रस्ता दारात, ट्रकवाल्यांना टायर लागतातच, त्यामुळं धंदा बरा चालला. पण दुकानात मावलं नाही ते सगळं प्रेमाच्या अंगणात यायचं. फाटके टायर, गोळा करून टाकलेल्या ट्यूबा, ग्रीसचे डबे, जळक्या तेलाचे कॅन. पावसाळ्यात टायरांत पाणी साचायचं आणि पाण्यात डासांच्या अळ्या वळवळायच्या. त्यातूनच वाट काढत ही बाई उभा जन्म पाण्याच्या घागरी घेऊन ये-जा करत राहिली. हे उचला, असं तिच्या तोंडून एकदाही निघालं नाही. मी म्हणायची. माझं कोण ऐकतंय!

हणमंतप्पा गेले. मुलगी गायत्री लग्न होऊन हैदराबादला. दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं. सांत्वनाला आलेले पाहुणे पांगले आणि एका सकाळी प्रेमानं भंगारवाल्याला बोलावून सगळे टायर उचलायला लावले. मग ती खुरपं आणि पाटी घेऊन अंगणात बसली. वरची माती तेल पिऊन काळी चिकट झालेली, तिला वास असा की मी पदर नाकाला लावून लांब उभी राहिले. ही पाट्या भरभरून माती बाहेर काढतेय, नखं काळी, कोपरापर्यंत हात काळे.

"अगं, एखादा माणूस लाव की," मी म्हटलं.

"म्याच काढते अक्का," ती म्हणाली. "किती दिसानं मातीत हात घालाया मिळलाय."

तिचं माहेर लोहाऱ्याकडं. ती लहान असताना तिकडं कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट असायचे आणि गावातल्या पोरी त्यात क्रॉसिंगला जायच्या. संध्याकाळी एका झाडाच्या कळीतले केसर काढून टाकायचे, सकाळी दुसऱ्या झाडाच्या फुलाचा केसर तिला लावायचा आणि खूण म्हणून दोरा बांधायचा. प्रेमाही जायची. पण आपण दोरा बांधलेल्या फुलाचं पुढं काय झालं, ते तिनं कधी बघितलं नाही. बोंड फुटायच्या आधी तिचं लग्न झालं आणि ती आमच्या घरी टायरांत येऊन पडली.

अंगणाची माती बदलून झाली, तेव्हा गायत्रीनं हैदराबादच्या नर्सरीतून दोन रोपं आणून दिली. एक पिवळं, एक वांगी रंगाचं. नर्सरीवाल्यानं नाव सांगितलं डेलिली. गवतासारखी लांब पाती, मधून वर येणारा सरळ दांडा आणि टोकाला कळ्या. यातलं एक फूल सकाळी उमलतं आणि दिवस मावळला की संपतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कळीची पाळी. हे ऐकूनच मला वैताग आला. एवढं राबायचं आणि फूल एका दिवसाचं!

आणि राबणं कसलं म्हणता! लोकांना फुलांचे फोटो दिसतात. मी भिंतीपलीकडून सगळं बघितलं आहे आणि त्यातलं निम्मं निव्वळ घाण आहे. या झाडाचं संपलेलं फूल सुखासुखी गळून पडत नाही. दांड्यालाच चिकटून राहतं, बुळबुळीत, शेंबडासारखं. ते रोज खुडावं लागतं, नाहीतर शेजारच्या कळीला लडबडतं. प्रेमा ते बोटांनी खुडायची आणि बोटं पदराला पुसायची. आमची काळी माती पाणी धरते, त्यामुळं पहिल्याच पावसाळ्यात पिवळीचा एक गड्डा कुजला. तो उपटून तिनं थेट माझ्या नाकापुढं आणला. "वास बघा अक्का, आतून गेलाय." मी जेवत होते. पुढं तिनं मातीत वाळू आणि मुरूम मिसळला, वाफा उंच केला, गड्डे वर वर लावले. खताला म्हणून शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन एका ड्रममध्ये कालवून ठेवायची, त्याचा वास भिंतीवरून माझ्या देवघरात. कोवळ्या दांड्यांवर मावा बसायचा, तो ती अंगठ्यानं चिरडायची आणि त्याच हातानं मला चहा आणून द्यायची. हात धुतलेला असायचा, पण मी बघितलेलं असायचं ना!

सगळ्यात वाईट त्या शंखी गोगलगायी. सोयाबीनमध्ये त्यांनी धुमाकूळ घातला तेव्हापासून आमच्याकडं त्या गावात, अंगणात, न्हाणीत, सगळीकडं झाल्या आहेत. प्रेमा गुळाच्या पाण्यात भिजवलेलं पोतं वाफ्याच्या कडेला टाकून ठेवायची. सकाळी पोतं उलटलं की खाली एकमेकींना चिकटलेला ढीग. एकेक वेचून ती मिठाच्या पाण्यात टाकायची आणि बादलीत फेस चढायचा. त्या दिवशी मला भाकरी जायची नाही.

तरीही फुलं उमलली की माझं तोंड बंद व्हायचं, हेही खरं. आमच्या त्या कोरड्या कॉलनीत, एका बाजूला बोअरची मोटर आणि दुसऱ्या बाजूला उघडी गटार, त्यांच्या मधोमध ती पिवळी फुलं अशी काही उभी राहायची की मी चहाचा कप घेऊन भिंतीशी रेंगाळायची. प्रेमा ती कधीच तोडायची नाही. आम्ही लिंगायत, ती रोज आंघोळ करून गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेते, विभूती लावते, पाणी घालते, फूल आणि बेल वाहते. पण तिथं मागच्या दारची तगर किंवा कण्हेर. डेलिलीला हात नाही.

"एका दिसाचं तर आयुष्य हाय तिचं," म्हणायची. "त्येवडं तरी जगू द्यावं."

आता सिताबाईंकडं येते. आमच्या कॉलनीतल्या भजनी मंडळाच्या त्या मुख्य. सकाळी फिरायला निघतात, मागं दोघीतिघी. पाऊस असो नसो, हातात छत्री. ती उलटी धरायची आणि मुठीच्या आकड्यानं लोकांच्या फांद्या खाली ओढायच्या. तोंडानं नमः शिवाय चालूच. उमललेली फुलं तर नेतातच, पण मुक्या कळ्याही खुडतात, म्हणे घरी पाण्यात उमलतात. गोगलगायी निदान अंधारात येतात. या उजाडल्यावर येतात, आणि वर तुमच्याकडं बघून हसतात.

मी एकदा अडवलं. "सिताबाई, तोडायच्या आधी विचारावं तरी माणसानं."

"देवाच्या फुलाला काय विचारायचं?" त्या म्हणाल्या. "फुलाची चोरी चोरी नसती वो. आन् पुण्य कुणाला लागतंय? ज्याचं झाड त्येलाच की!"

म्हणजे फुलं नेऊन वर आमच्यावर उपकार. एकदा तर त्यांच्यातल्या एकीनं डेलिलीची पातीच ओरबाडून नेली, कारण चोरून आणलेलं रोप चांगलं लागतं असं आमच्याकडं मानतात. बिनगड्ड्याची पाती कुंडीत खोचली तर ती सडणार, सडली. तर ती बाई प्रेमालाच सांगायला आली की तुमचं रोप खोटं निघालं. चोराच्या उलट्या बोंबा! प्रेमानं तिला आत बसवलं, चहा दिला आणि गड्ड्यासकट एक फुटवा काढून दिला. मी भिंतीपलीकडं दात खात उभी.

पण माझ्या डोक्यात जे खरं बसलं आहे ते वेगळंच. याच सिताबाई संक्रांतीला हळदीकुंकू करतात. मला बोलावणं येतं, भिंतीला लागून राहणाऱ्या प्रेमाला येत नाही, कारण ती विधवा. तिच्या हातचं कुंकू चालत नाही, तिनं वाणाला हात लावलेला चालत नाही. आणि तिच्या हातानं शेण कालवून, गोगलगायी वेचून वाढवलेलं फूल मात्र महादेवाच्या डोक्यावर चालतं! ही किळस शेणाच्या ड्रमाची नाही, ती साबणानं जात नाही. मी सिताबाईंच्या घरची पायरी चढणं सोडलं.

"तुमी जावा की अक्का," प्रेमा म्हणाली. "माझ्यापायी तुमचं कशाला मोडता?"

"तुला राग कसा येत नाही गं?"

"देवाच्या नावानं मागत्यात. न्हाय कसं म्हणायचं?"

"मागतात कुठं? ओरबाडतात!"

यावर ती नुसती हसली आणि कुंपणाकडच्या बोडक्या दांड्यांकडं बघत राहिली. मला तिचाही राग आला. इतकं सोसणं हासुद्धा एक घाणेरडा गुण आहे, असं माझं मत आहे.

मग एका वर्षी मी तिला वाफ्यात वेगळंच काहीतरी करताना बघितलं. वांगी फुलातला एक केसर तिनं चिमटीत धरून तोडला आणि पिवळ्या फुलाच्या मधल्या लांब काडीच्या टोकाला हलकेच घासला. मग त्या फुलाच्या देठाला लाल दोरा बांधला.

"काय करलालीस गं?"

"कपाशीचं करायचो तसं," ती म्हणाली आणि लाजली. या वयात लाजली!

फूल संध्याकाळी संपलं, पण देठाशी हिरवी शेंग धरली. सिताबाईंच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून प्रेमानं ती पातीआड वळवून बांधली. शेंग वाळून तडकली तेव्हा आत काळं चकचकीत बी, मिऱ्याएवढं. तेलाचा रिकामा डबा कापून तिनं त्यात ते पेरलं. काही उगवलं, काही नाही. उगवलेल्यातलं काही उन्हानं गेलं, काही गोगलगायींनी खाल्लं. शेवटी एकच रोप राहिलं. ते तिनं वाफ्याच्या टोकाला, कुंपणालगत, जिथं चांगलं ऊन पडतं तिथं लावलं. ऊन बघितलं, कुंपण बघितलं नाही. पुढं वर्ष गेलं, त्यापुढचंही गेलं, नुसती पाती. उन्हाळ्यात टँकरची वाट बघायचे दिवस आले तेव्हा ती टबात उभी राहून आंघोळ करायची आणि ते पाणी तांब्यानं त्या रोपाला घालायची. मी म्हटलं, "तुझ्या अंगाच्या मळावर वाढणार ते!" ती म्हणाली, "वाढू द्या की."

यंदा पाऊस लागला आणि त्या रोपाला दांडा आला. दांड्याला दोन कळ्या. एक पहिल्याच आठवड्यात गोगलगाईनं कुरतडली. उरली एक. प्रेमा तेव्हापासून घर सोडून कुठं गेली नाही. गायत्रीनं हैदराबादला बोलावलं, गेली नाही. लोहाऱ्याला भाचीची हळद होती, गेली नाही.

"ह्येचं फूल कुणीच बघितलेलं न्हाय अक्का," ती मला म्हणाली. "ह्ये कुठंच न्हाय. पिवळं यील का वांगी यील का तिसरंच, मला बी ठाव न्हाय."

"मग येऊ दे आणि बघ दिवसभर डोळे भरून."

"बघीन. पण आदी लिंगाला वाहीन."

मी चकित झाले. "म्हणजे तोडणार? तू?"

"म्याच केलंय, तर म्याच वाहीन." मग म्हणाली, "आजवर लिंगाला जे वाहिलं ते समदं आयतं, अक्का. झाड कुणाचं, बी कुणाचं. ह्ये एक माझ्या हातचं हाय."

तेव्हा मला कळलं की हिला त्या फुलाची आस किती आहे. आणि मला धास्ती बसली, कारण कळी फुगत होती आणि श्रावण लागला होता. श्रावणात सिताबाईंच्या पिशव्या दोन होतात.

रोप हलवावं म्हटलं तर कळी गळण्याची भीती. कळीवर फडकं बांधावं तर पावसानं भिजून ते दांडा मोडणार. मी बाभळीची काटेरी फांदी आणून कुंपणावर टाकली, सिताबाईंनी ती छत्रीनं उचलून गटारीत टाकली, वर म्हणाल्या, "पोराबाळांच्या पायात मोडंल की वो!" मग मी माझ्या अकलेनं एक तोड काढली. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, ते उष्टं होतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एका सकाळी मी लवकर उठून प्रेमाच्या सगळ्या पिवळ्या फुलांत नाक खुपसून आले आणि सिताबाई आल्यावर मोठ्यानं सांगितलं, "आज सगळी फुलं मी हुंगलेली आहेत. उष्टी आहेत."

 सिताबाई म्हणाल्या, "म्या न्हाय बघितलं. न बघितलेलं देवाला लागत न्हाय." आणि पिशवी भरून घेऊन गेल्या.

 चाळणीत अडकलेला कोंडा बरा, इतकी या बाईची भक्ती चाळून निघालेली! तिला हवं तेवढंच शास्त्र खाली पडतं.

प्रेमानं हे सगळं ओट्यावरून ऐकलं होतं. 

श्रावणी सोमवार उजाडला. आदल्या संध्याकाळी कळीचं टोक जरासं सुटलं होतं, त्यामुळं आम्हा दोघींना ठाऊक होतं. प्रेमा उजाडायच्या आधीच न्हाली, धुतलेलं पातळ नेसली, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले. माझे गुडघे धरलेले, मी माझ्या ओट्यावरच खुर्ची टाकून बसले. उजेड आला तसं फूल उघडत गेलं.

खरं सांगू? फार काही देखणं नव्हतं. पिवळं नाही, वांगी नाही, जुन्या विटेसारखा रंग, आतल्या घशाला थोडी पिवळी झाक, आणि एक पाकळी किंचित दुमडलेली. नर्सरीत असतं तर मी दुसरं उचललं असतं. पण प्रेमा त्याच्यासमोर अशी उभी होती की मला तिच्याकडं बघवेना. हात जोडलेले नव्हते, नुसते खाली सोडलेले.

"विटकरी आलं अक्का," ती म्हणाली. "विटकरी! मनात बी नव्हतं." मग एकदम भानावर येऊन, "थांबा, तबक घिऊन येते," म्हणून आत गेली.

आणि नेमक्या तेव्हा सिताबाई आल्या. मागं दोघी, हातात दोन पिशव्या. पिवळ्या फुलांकडं त्यांनी बघितलंही नाही. थेट कुंपणावरून हात घातला आणि त्या विटकरी फुलाच्या मानेखाली दोन बोटं लावली.

"सिताबाई!" मी खुर्चीतून ओरडले. "ते नको! ते तिच्या लिंगाचं फूल आहे! तीन वर्षं वाट बघितली तिनं!"

"मग देवालाच जातंय की," त्या शांतपणे म्हणाल्या. "घरात वाहिलं काय, देवळात वाहिलं काय, महादेव एकच हाय. आज मोठी पूजा हाय, नवा रंग हाय, पिंडीवर शोभून दिसंल."

प्रेमा तबक घेऊन दारात आली होती. तिनं ते ओट्यावर ठेवलं.

"सोडा," ती म्हणाली. अगदी हळू.

सिताबाई हसल्या. "अवं प्रेमाबाई, एक फूल! देवाला न्हाय म्हणता व्हय सोमवारी?"

बोटं मानेखाली तशीच. नखानं एक दाब दिला की संपलं. मी उठायला बघतेय, गुडघे उठू देईनात. प्रेमा चालत वाफ्यात गेली. मला वाटलं, आता ही नेहमीसारखी हसणार, म्हणणार न्या, आणि मग मी हिच्याशी जन्मात बोलणार नाही. ती कुंपणाशी खाली वाकली. तोंड उघडलं. आणि सिताबाईंच्या डोळ्यांत डोळे घालून तिनं त्या फुलावर आतल्या घशापासून पाकळीच्या टोकापर्यंत जीभ फिरवली. गाय वासराला चाटते तशी, सावकाश, सगळी जीभ. एका बाजूनं झाली, मग दुसऱ्या बाजूनं.

"शी!" सिताबाईंनी हात असा मागं घेतला की छत्री खाली पडली. "शी शी शी! काय घाण करलालाव बाई! उष्टं केलं की! माझ्या बोटाला... शी!"

"आता बघितलंव न्हवं?" प्रेमा म्हणाली.

सिताबाई पदराला बोटं पुसत, त्या दोघींना म्हणत, "बाईचं डोकं फिरलंय, नवरा गेल्यापासूनच फिरलंय," अशा तरातरा निघून गेल्या. जन्मभर मी लोकांची किळस करत आले, पण त्या दिवशी दुसऱ्याच्या तोंडावर किळस बघून मला जे समाधान झालं ते कुठल्या पूजेनं झालं नव्हतं. मी एकटीच ओट्यावर बसून हसत सुटले. हसता हसता प्रेमाकडं बघितलं आणि माझं हसू विरलं.

ती तबकाशी उभी होती. पाणी, विभूती, बेलाची पानं, आणि मधोमध फुलासाठी ठेवलेली मोकळी जागा.

"प्रेमा," मी म्हटलं, "अगं, मग तुझ्या लिंगाला?"

"आता न्हाय चालत," ती म्हणाली आणि तबक उचलून आत गेली. तिनं पूजा केली. नुसत्या विभूतीची आणि पाण्याची.

नंतर ती खुर्ची घेऊन वाफ्यात येऊन बसली, ती दिवसभर. गायत्रीचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तिनं फोन फुलापुढं धरला. गायत्री म्हणाली, "आई, हा कसला गं कलर?" आणि प्रेमा खळखळून हसली. दुपारी पावसाची सर आली तर छत्री उघडून फुलावर धरली. तीच, सिताबाई टाकून गेल्या होत्या ती. त्या छत्रीचं चांगलं काम मी पहिल्यांदाच बघितलं. जेवायला मी हाक मारली, आली नाही. दिवस कलला तसं फूल मिटायला लागलं. पाकळ्या आत वळल्या, मऊ पडल्या, उद्या ते त्या बाकीच्यांसारखंच बुळबुळीत होणार होतं. मी गुडघे धरत धरत भिंतीच्या फाटकातून गेले आणि तिच्याजवळ बसले. त्या ड्रमाचा वास नाकात घुसत होता, तरी बसले. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही.

"त्या बाईपायी तुझं राहून गेलं गं," मी म्हटलं. "एवढी वर्षं जपलंस, आणि लिंगाला वाहायचं राहिलं."

"साकू अक्का," ती म्हणाली. कानडीत पुरे म्हणायची तिची ही सवय. "नगा रडू."

मग ती फुलाकडं वळली.

"लगीन झाल्यापास्नं म्या त्येंच्या ताटात जेवले," ती म्हणाली. "आदी देवाचा निवद, मग त्ये, मग पावनं, मग पोरगी. समद्यांचं उष्टं खाल्लं, अक्का. पण माझ्या तोंडानं कुठली वस्तू पयली उष्टी झालीया, असं कवाच झालं न्हाय."

तिनं त्या मिटत्या फुलाला बोट लावलं.

"गोडसर लागलं," ती म्हणाली.

तिच्या नाकाच्या शेंड्यावर सकाळचा पिवळा केसर तसाच चिकटलेला होता. पूस म्हटलं, तर तिनं पुसला नाही.